हौद्यातले पेट्रोलचे तोंड
(जुन्या पिकअपच्या दुरुस्तीतील एक छोटे, पण जोखमीचे काम)

कापडाच्या व्यापाऱ्याने मोटारीच्या टाकीवर लेख लिहावा, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. म्हणून खुलासा आधीच करतो. माझा भाचा गेली अकरा वर्षे शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात बॉडी आणि डेंटिंग-पेंटिंगच्या कामात आहे. मालाच्या खरेदीसाठी दुबईला गेलो की दोन-तीन दिवस त्याच्याकडे मुक्काम ठरलेला असतो. त्याच्या गॅरेजात स्टूल टाकून बसायचे, चहा प्यायचा आणि कारागिरांना प्रश्न विचारून भंडावून सोडायचे, ही माझी जुनी सवय. आपल्याकडची, विशेषतः कोकणातली, कितीतरी मुले आखातात हाच पेशा करतात. जुन्या अमेरिकन पिकअप गाड्या नव्यासारख्या करून घेणारे हौशी गिऱ्हाईक तेथे भेटतात आणि त्या कामात मजुरीही बरी सुटते. तेव्हा जे डोळ्यांनी पाहिले, उस्तादांना विचारले आणि पुढे वाचून पडताळून घेतले, ते आपल्या कारागीर बांधवांसाठी या पानावर मांडत आहे.

विषय अगदी छोटा आहे. जुन्या पिकअपचा हौदा नव्याने बांधताना पेट्रोल भरण्याचे तोंड कोठे आणि कसे बसवावे, एवढाच. रंग, इंजिन, गादीकाम यांच्यापुढे हे काम कोणी खिजगणतीत धरत नाही. नुकसान मात्र येथेच होते.

दोन वर्षांपूर्वी भाच्याच्या गॅरेजात शेव्हर्ले सी-१० ही १९६९ सालची पिकअप आली. गिऱ्हाइकाची मागणी होती की केबिनमधली टाकी काढून मागे हौद्याखाली न्यावी आणि पेट्रोल हौद्याच्या तळातून, फळीत बसवलेल्या सुबक झाकणातून भरता यावे. गाडी सहा महिने उभी होती. हौद्याला ओकच्या नव्या फळ्या बसल्या, वॉर्निशचे तीन हात झाले, स्टीलच्या पट्ट्या आरशासारख्या चमकू लागल्या. मग अॅल्युमिनियमचे गोल झाकण आले. ते शोभून दिसेल अशी जागा डोळ्यांनी ठरवली आणि फळीला भोक पाडले. खाली पाहतात तो टाकीचे तोंड दीड फूट बाजूला, आणि मध्ये हौद्याचा आडवा बीम! पाईप कसाबसा वळवून, जवळजवळ आडवा टाकून जोडला.

गाडी ढकलत समोरच्या पंपावर नेली. दर दोन लिटरला नोझल खटकन बंद पडू लागले. पंपावरच्या मुलाने हट्टाने नोझल दाबून धरले, तेव्हा पेट्रोलची चूळ वर उसळली, फळी आणि पट्टी यांच्या फटीतून खाली गेली आणि थेट सायलेन्सरच्या पाईपवर पडली. पाईप थंड होता, कारण इंजिन सुरूच केलेले नव्हते. तासभर चालून आलेली गाडी असती तर काय झाले असते, हे त्या दिवशी गॅरेजात कोणी मोठ्याने बोलले नाही. फळ्या नव्याने बसवाव्या लागल्या आणि तो खर्च गॅरेजच्या अंगावर पडला. त्यातला काही भाग कारागिरांच्या मजुरीतूनही कापला गेला, ही गोष्ट मला आजही पटलेली नाही.

भाचा एवढेच म्हणाला, ''मामू, झाकणाचंच काम म्हणून ते शेवटी ठेवलं होतं.''

सगळी चूक या एका वाक्यात आहे. भोक पाडायचे शेवटी असते, पण ते कोठे पाडायचे हे पहिल्या दिवशी ठरवायचे असते. आमच्या धंद्यात थानावर कात्री चालवण्याआधी शिंपी सगळे भाग कापडावर मांडून पाहतो. हा नियम ओकच्या फळीलाही लागू आहे, फक्त फळी थानापेक्षा महाग पडते.

मूळ गाडीत काय होते?

जुनी वस्तू बदलण्याआधी ती तशी का केली होती, हे समजून घ्यावे. शेव्हर्लेच्या पिकअपमध्ये १९४९ पासून पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, सीटच्या पाठीमागे उभी बसवलेली असे. १९६७ ते १९७२ या काळातल्या, आज सर्वांत जास्त मागणी असलेल्या गाड्यांतही ती तेथेच होती. सुमारे २० गॅलन, म्हणजे ७५ लिटरच्या आसपास पेट्रोल ड्रायव्हरच्या पाठीला लागून. तोंड केबिनच्या मागच्या कोपऱ्यात, ड्रायव्हरच्या बाजूला बाहेर निघते. या गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या, म्हणून तोंडही डावीकडे.

आज गिऱ्हाइकाला ही टाकी नको असते. केबिनमध्ये पेट्रोलचा वास येतो, सीट मागे सरकत नाही, आणि अपघातात एवढे पेट्रोल आपल्या पाठीशी आहे या विचाराने माणूस अस्वस्थ होतो. हे सर्व खरे आहे. पण त्या जुन्या रचनेत एक शहाणपणही होते. टाकी केबिनला बोल्टने जोडलेली आणि तोंडही केबिनच्याच पत्र्यात. खड्ड्यात केबिन हलली की दोन्ही एकत्र हलत. पाईपवर ताण येण्याचा प्रश्नच नव्हता.

टाकी मागे नेली की हे बदलते. पिकअपमध्ये केबिन वेगळी, हौदा वेगळा, आणि दोन्ही चॅसिसवर आपापल्या बोल्टांनी बसवलेले. केबिन आणि हौदा यांच्यात दोन बोटांची फट ठेवलेली असते ती शोभेसाठी नव्हे. चॅसिस खड्ड्यात पिळवटते, तेव्हा दोघांना एकमेकांवर न आदळता हलायला जागा लागते. नव्या रचनेत टाकी चॅसिसला टांगलेली आणि तोंड हौद्याच्या फळीत किंवा बाजूच्या पत्र्यात. म्हणजे पाईपचे एक टोक एका शरीराला आणि दुसरे टोक दुसऱ्या शरीराला बांधले गेले. ही हालचाल थोडी असते, पण रोज असते. तोंडापासून टाकीपर्यंत अखंड लोखंडी पाईप वेल्ड करणारा कारागीर कितीही हुन्नरी असला, तरी तो पाईप किंवा टाकीचा सांधा आज ना उद्या तडकणार. मध्ये रबरी होजचा तुकडा हवाच.

टाकी कोठे टांगावी, याबाबत अमेरिकेचा इतिहास डोळ्यांसमोर ठेवावा. १९७३ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या पिकअपच्या टाक्या केबिनमधून काढून चॅसिसच्या रुळांच्या बाहेर, बाजूला टांगल्या. १९८७ पर्यंत ही रचना चालली. बाजूने धडक बसली की टाकी फुटते, अशा तक्रारी आणि खटले पुढे अनेक वर्षे गाजले. १९९४ मध्ये सरकारशी समझोता होऊन कंपनीने सुरक्षेच्या कार्यक्रमांसाठी ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम देण्याचे कबूल केले. म्हणून हौशी गाडीत टाकी बाहेरच्या बाजूला कधीच नेऊ नये. ती चॅसिसच्या दोन रुळांच्या मध्येच असावी. बहुतेक कारागीर मागच्या एक्सलच्या पाठीमागे, जेथे मूळ गाडीत स्टेपनी टांगलेली असे, ती जागा वापरतात.

त्या जागेलाही धोका आहे, हे फोर्डच्या पिंटो या छोट्या मोटारीने दाखवून दिले. तिची टाकी एक्सलच्या मागे होती. मागून धडक बसली की टाकी पुढे सरकून डिफरन्शियलच्या बोल्टांवर आदळे आणि फिलर पाईप टाकीतून उपटून निघे. १९७८ मध्ये सुमारे १५ लाख गाड्या परत बोलावून दुरुस्ती करण्यात आली. ती दुरुस्ती काय होती हे कारागिराने लक्षात ठेवण्यासारखे आहे : टाकीपुढे प्लॅस्टिकची ढाल आणि अधिक लांब, चांगल्या सीलचा फिलर पाईप. ज्या पाईपला आपण किरकोळ समजतो, त्याची लांबी आणि सील बदलण्यासाठी लाखो गाड्या गॅरेजात आल्या होत्या.

अमेरिकेत अपघातानंतर किती पेट्रोल गळलेले चालेल, याचा सरकारी नियम मोटारींना १९६८ पासून लागू झाला आणि हलक्या ट्रकांना सप्टेंबर १९७६ पासून. धडकेनंतर गाडी थांबेपर्यंत १ औंस, म्हणजे २८ ग्रॅम. पुढच्या पाच मिनिटांत मिळून ५ औंस. त्यानंतर मिनिटाला १ औंस. यापेक्षा जास्त गळाले तर गाडी नापास. १९७६ च्या आधीच्या पिकअपला हा नियम लागूच नव्हता. आपण तिच्यात हात घालतो तेव्हा मूळ कंपनीने ज्याची पर्वा केली नव्हती, त्याची जबाबदारी आपल्या अंगावर घेतो.

तोंडाच्या तीन जागा

गिऱ्हाईक तीनपैकी एक जागा सांगतो.

पहिली जागा हौद्याच्या तळातली फळी. बाहेरून गाडी स्वच्छ दिसते, पत्रा कापावा लागत नाही, आणि उद्या मन बदलले तर एक फळी बदलून काम निभावते. पण हौद्यात माल भरला की झाकण मालाखाली जाते. पावसाचे आणि धुण्याचे पाणी झाकणावर साचते. भरताना सांडलेले पेट्रोल हौद्यातच पसरते. हौद्यावर घट्ट कव्हर लावणारा गिऱ्हाईक असेल तर आणखी एक गोष्ट. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी खोलगट जागेत बसून राहते. कव्हराखालचा हौदा म्हणजे अशी वाफ साठवणारी पेटीच. तेव्हा पेट्रोल भरताना कव्हर पूर्ण उघडायचे आणि भरून झाल्यावरही थोडा वेळ उघडे ठेवायचे, हे गिऱ्हाइकाला तोंडी नव्हे, लिहून द्यावे.

दुसरी जागा हौद्याच्या डाव्या बाजूचा पत्रा, बिजागरीच्या छोट्या दारासकट. वापरायला हीच सर्वांत सोयीची. नोझल जशी तिरपी धरायची असते तशीच बसते, आणि सांडले तर बाहेर जमिनीवर सांडते. मात्र पत्रा कापणे, आत वाटी वेल्ड करणे, दाराची फट सारखी आणणे, हे सगळे रंगाच्या आधी व्हायला हवे. चाकाची कमान आणि आतला आधार सांभाळून जागा शोधावी लागते.

तिसरी जागा मागे, लाल दिव्याच्या किंवा नंबर प्लेटच्या आड. ही कल्पना नवी नाही. शेव्हर्लेच्या १९५६ च्या मोटारीत डाव्या लाल दिव्याच्या मागे तोंड लपवलेले होते आणि १९५७ मध्ये मागच्या डाव्या पंखाच्या क्रोम पट्टीमागे. पाहुणे चकित होतात, यात शंका नाही. पण मागून येणारी पहिली धडक तेथेच बसते, आणि दिव्याच्या वायरिंगशेजारी पेट्रोलची वाफ मला स्वतःला पसंत नाही. मला विचारले तर बाजूचा पत्रा पहिला, फळी दुसरी, आणि लाल दिवा माझ्या गाडीत तरी नाही.

पेट्रोल आत जाते तेव्हा हवा बाहेर यावी लागते

नोझल वारंवार का बंद पडते, हे समजले की निम्मे काम समजले. नोझलच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते. त्यातून हवा ओढली जात असते तोवर पेट्रोल चालू राहते. पेट्रोल त्या छिद्रापर्यंत चढले की हवा बंद होते आणि आतली कळ सुटून नोझल थांबते. टाकी भरली असे नोझलला वाटते. प्रत्यक्षात टाकी रिकामी असते, आणि पेट्रोल फक्त पाईपच्या वळणावर आपटून मागे उसळलेले असते.

अमेरिकेच्या नियमाप्रमाणे पंपाचा वेग मिनिटाला १० गॅलनपर्यंत, म्हणजे जवळजवळ ३८ लिटर असू शकतो. याचा अर्थ मिनिटाला तेवढीच ३८ लिटर हवा आणि वाफ टाकीतून बाहेर पडली पाहिजे. ती त्याच पाईपमधून, येणाऱ्या पेट्रोलच्या विरुद्ध चढू लागली तर दोघांची मारामारी होते. म्हणून टाकीच्या माथ्यावरून एक वेगळी बारीक होज काढून ती वर, तोंडाच्या अगदी जवळ फिलर पाईपला जोडतात. साधारण पाच-आठांश इंच आतल्या व्यासाची होज या कामाला लावतात. भाच्याच्या गॅरेजात त्या दिवशी ही होज लावलेलीच नव्हती. टाकीवर तिच्यासाठी नळी होती, पण ती कशासाठी आहे हे न कळल्याने रबरी टोपी लावून बंद केली होती!

फिलर पाईपला तोंडापासून टाकीपर्यंत सतत उतार हवा. मध्ये कोठेही पोट आले तर तेथे पेट्रोल साचते आणि हवेचा रस्ता बंद होतो. पहिला हातभर भाग सरळ ठेवावा, म्हणजे नोझलचे टोक भिंतीवर न आपटता आत जाईल. नोझल हाताने न पेलता तोंडात टेकून राहिली पाहिजे. फळीतल्या तोंडात अडचण अशी की हौद्याचा तळ आणि टाकीचा माथा यांत अंतर थोडेच असते. तेथे वळण घ्यायला जागाच नाही. म्हणून फळीतले तोंड टाकीच्या तोंडाच्या जवळजवळ बरोबर वर आले पाहिजे. शोभेची जागा आणि उताराची जागा वेगळ्या निघाल्या तर टाकी सरकवावी किंवा दुसऱ्या तोंडाची टाकी आणावी, पण पाईप आडवा टाकू नये.

दुसरी हवा रोजच्या श्वासाची. इंजिन पेट्रोल ओढते तेव्हा त्या जागी हवा आत यायला हवी, आणि उन्हात पेट्रोल फुगते तेव्हा वाफ बाहेर जायला हवी. पेट्रोल दर अंशाला हजारात जवळजवळ एक भाग फुगते. जमिनीखालच्या टाकीतले थंड पेट्रोल ७५ लिटर भरले आणि गाडी दुपारी उन्हात उभी राहून ते २५ अंशांनी तापले, तर पावणेदोन लिटर जास्तीची जागा मागते. आखातात, आणि आपल्या खानदेश-विदर्भातही, ही काल्पनिक गोष्ट नाही. तेव्हा टाकीच्या माथ्यावर थोडी रिकामी जागा राहील अशीच हवेच्या नळीची उंची ठेवावी, आणि वेगळा ब्रीदर काढून त्याला रोलओव्हर व्हॉल्व्ह लावावा. गाडी उलटली तर या व्हॉल्व्हमधली गोळी सरकून वाट बंद करते.

वेगळा ब्रीदर असेल तर झाकण बिनछिद्राचे घ्यावे. फळीतल्या तोंडाला छिद्राचे झाकण म्हणजे पावसाचे पाणी टाकीत. आणि ब्रीदर नसताना बिनछिद्राचे झाकण लावले, तर टाकीत निर्वात होऊन गाडी दहा मैलांवर बंद पडते. झाकण उघडले की पुन्हा चालते. मेकॅनिक बिचारा कार्बोरेटर उघडून बसतो.

होज आणि क्लिप

फिलरच्या रबरी होजमध्ये कंजूषी नको. रेडिएटरची किंवा हीटरची होज व्यासाने बरोबर बसते, म्हणून अनेक जण तीच लावतात. ती पाण्यासाठी बनवलेली असते. पेट्रोलने ती आतून फुगते, मऊ पडते आणि तिचे तुकडे टाकीत जातात. इंधनासाठीच बनवलेली फिलर होज घ्यावी. आजचे पेट्रोल पन्नास वर्षांपूर्वीचे नाही. अमेरिकेत बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि आपल्या देशात २०२५ पर्यंत ते प्रमाण २० टक्क्यांवर पोचले. जुन्या जीप किंवा पिकअपची दुरुस्ती येथे करणाऱ्यांनीही जुनी होज ''अजून चांगली दिसते'' म्हणून परत लावू नये. होज, गॅस्केट आणि सील तिन्ही इथेनॉलला टिकणारी घ्यावीत.

लोखंडी पाईपच्या टोकाला बाहेरून गोल उठाव हवा. क्लिप त्या उठावाच्या मागे आवळायची. उठाव नसलेल्या गुळगुळीत पाईपवर क्लिप कितीही आवळली तरी होज सरकते. आणखी जास्त आवळली तर होज कापते. दोन लोखंडी टोकांमध्ये होजचा थोडा भाग मोकळा राहिला पाहिजे, नाहीतर लवचीक सांध्याचा उपयोगच काय?

दिसत नाही ती ठिणगी

येथे माझा कापडाचा तजुर्बा उपयोगी पडला. पॉलिएस्टरचे थान कोरड्या हवेत झटकन उलगडले की चटचट आवाज येतो आणि अंधारात बारीक ठिणग्या दिसतात. नोकराच्या हाताला झटका बसतो, आपण हसतो. पेट्रोलच्या वाफेला पेटायला यापेक्षा कितीतरी कमी ऊर्जा पुरते, एक मिलिज्यूलचा सुमारे चौथा भाग. एवढी ठिणगी हाताला जाणवतही नाही.

पाईपमधून वाहणारे पेट्रोल स्वतःच अशी वीज तयार करते. मूळ गाडीत तोंड केबिनच्या लोखंडाला जोडलेले असल्याने ती वाहून जाई. फळीतल्या तोंडाचा विचार करा. वर लाकूड, खाली रबरी होज. ते धातूचे तोंड सगळीकडून तोडलेले, एकटे पडलेले आहे. वीज साठायला याहून चांगली जागा नाही. म्हणून तोंडाच्या वाटीपासून चॅसिसपर्यंत एक वायर टाकून अर्थिंग करणे सक्तीचे समजावे. चॅसिसवर जेथे टोक लावायचे तेथला रंग खरवडून उघडे लोखंड काढावे, बोल्ट आवळावा आणि मग वरून रंग द्यावा. टाकीलाही अशीच एक वायर. नंतर मीटर लावून तोंड आणि चॅसिस यांच्यातला अडथळा मोजावा. काटा जवळजवळ शून्य दाखवत नसेल, तर रंग नीट निघालेला नाही.

हौद्याशी संबंधित याच जातीचा आणखी एक धोका आहे. हौद्यात प्लॅस्टिकचा पत्रा अंथरलेला असताना त्यावर डबा ठेवून पेट्रोल भरले, की ठिणगी पडून आग लागते. अमेरिकेत अशा घटना घडल्यावर १९९८ मध्ये तेथील कामगार-सुरक्षा संस्था नायोशने इशारा प्रसिद्ध केला होता. डबा नेहमी जमिनीवर ठेवूनच भरावा. ज्या गाडीला लाकडी हौदा आहे तिच्या मालकालाही हे सांगावे.

कामाचा क्रम

आता प्रत्यक्ष हात कसा चालवावा ते सांगतो. आधी हौदा कच्च्या अवस्थेत, रंग-वॉर्निशशिवाय, चॅसिसवर सगळ्या बोल्टांनी बसवावा. टाकी खाली टांगावी. डिफरन्शियल वर उसळले तरी टाकीला लागणार नाही, आणि सायलेन्सरचा पाईप पुरेसा लांब राहील, हे पाहावे. जवळून न्यावाच लागला तर मध्ये उष्णतेचा पत्रा लावावा. मग टाकीच्या तोंडापासून वर मोजावे. गवंड्याचा ओळंबा येथे उत्तम काम देतो : फळीवरच्या खुणेतून दोरा सोडायचा आणि गोळा टाकीच्या तोंडावर कोठे येतो ते पाहायचे. हौद्याचा आडवा बीम कापून रस्ता काढायचा मोह होतो. तो कापू नये. हौद्याचे वजन त्यावरच आहे.

भोक फळीच्या मधोमध यावे, लोखंडी पट्टीवर नाही. पट्टी दोन फळ्यांना धरून ठेवते आणि त्यांना दमट हवेत फुगायला वाव देते. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून, पाईप तात्पुरता जोडून, पंपावर असतो तसा नोझलचा तुकडा घालून पाहावा. सगळे जमले की मध्यबिंदूला खालून बारीक ड्रिल मारावे, आणि होल सॉ अर्धे वरून, अर्धे खालून चालवावे, म्हणजे लाकूड उचकटत नाही. कापलेल्या कडेला इपॉक्सी किंवा वॉर्निशचे दोन-तीन हात द्यावेत. ओकची कड पाणी शोषते, आणि काळी पडायला सुरुवात नेहमी भोकापासून होते.

वाटी लाकडी स्क्रूने कधी बसवू नये. आरपार बोल्ट, आणि फळीखाली धातूची चकती. वाटीला खाली निचऱ्याची नळी हवीच. सांडलेले पेट्रोल आणि पावसाचे पाणी तिच्यातून सायलेन्सरपासून दूर, जमिनीकडे जावे.

टाकी दुसऱ्या कंपनीची असेल तर गेजही तपासावा. फोर्डच्या जुन्या टाकीतला फ्लोट रिकाम्याला ७३ ओहम आणि भरलेल्याला १० ओहम देतो. सी-१० च्या काळातल्या शेव्हर्लेचा काटा रिकाम्याला शून्य आणि भरलेल्याला ९० मागतो. मस्टँगची टाकी तशीच बसवली की काटा उलटा चालतो : टाकी भरली की रिकामी दाखवतो.

जुन्या तोंडाचे भोक बुजवताना

टाकी मागे गेली की केबिनच्या कोपऱ्यातले जुने भोक पत्र्याने बुजवायचे असते. हे वेल्डिंग जुनी टाकी गाडीत असताना कोणीही करू नये, ''रिकामीच आहे'' असे म्हणून तर मुळीच नाही. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक असते, कारण ती वाफ आणि हवा यांच्या मिश्रणाने भरलेली असते. आपल्या गल्लोगल्लीच्या वेल्डिंगच्या दुकानांत या एका चुकीने माणसे गेलेली आहेत. टाकी आधी काढावी, शेडच्या बाहेर न्यावी, केबिनमधले वासाचे फोम-गालिचे काढावेत, आणि वाऱ्याला एक रात्र जाऊ द्यावी. जुन्या टाकीला स्वतः डाग लावण्याच्या भानगडीत तर पडूच नये. नवी टाकी स्वस्त पडते.

तपासणी आणि कागद

पहिल्यांदा पाचच लिटर पेट्रोल घालून सगळे सांधे कोरड्या पांढऱ्या कापडाने पुसून पाहावेत. मग अर्धी टाकी आणि रात्रभर उभी. मग पंपावर पूर्ण वेगाने नोझल सोडून. नोझल एकदाही मध्ये बंद पडले तर काम अपुरे आहे. गिऱ्हाइकाला ''हळू भरा'' असा सल्ला देऊन गाडी हातावेगळी करू नये. नंतर भरलेली टाकी घेऊन गाडी उतारावर दोन्ही बाजूंनी उभी करावी, खराब रस्त्यावर फिरवावी, आणि पुन्हा कापड फिरवावे.

इंजिन बदलून डिझेल घातले असेल तर तोंडावर ठळक अक्षरांत तसे लिहावे. अमेरिकेत शिसेविरहित पेट्रोलच्या नोझलचा बाहेरचा व्यास साधारण २१ मिलिमीटर असतो. जुन्या गाडीचे तोंड त्याहून रुंद असल्याने कोणतेही नोझल आत जाते, चुकीचेसुद्धा.

हिशेबाचा मुद्दा राहिला. या कामाचा भाव झाकणाच्या किमतीवर सांगू नये. होज, हवेची नळी, व्हॉल्व्ह, अर्थिंग, निचरा आणि तपासणीचा अर्धा दिवस हे सर्व अंदाजपत्रकात वेगवेगळ्या ओळींवर लिहावे, म्हणजे ''एका भोकाचे एवढे पैसे?'' हा प्रश्न आपोआप मिटतो. तोंडाची जागा ठरली की कागदावर रेखाटन काढून त्यावर गिऱ्हाइकाची सही घ्यावी, भोक पाडण्याआधी. फळ्या कायमच्या बसण्यापूर्वी खालच्या जोडणीचे फोटो काढून एक प्रत गिऱ्हाइकाला द्यावी आणि एक स्वतःकडे ठेवावी. भाच्याच्या गॅरेजात आता गाडी आली की रंगाचे कार्ड दाखवण्याआधी पहिला प्रश्न हा असतो की पेट्रोल कोठून भरणार. गाडी देताना पाचशे मैलांनंतर क्लिपा तपासायला परत आणण्याची तारीखही बिलावर लिहून देतात, आणि ती तपासणी फुकट करतात.